सावलीची ओटी

"आभाळाला शीव असती का न्हाय, तेवढं सांगा," असं म्हणत शेजारच्या हरणाबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या, आणि गुळाची ढेप उचलायला वाकलेले आमचे सासरे तसेच वाकलेले राहिले.

प्रश्न अप्पांना नव्हता, वीरप्पाला होता. वीरप्पा म्हणजे आमच्या नणंदेच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. घोंगड्या विकायला तो अधूनमधून हैदराबादला जायचा आणि परत येताना सोलापूरला रेल्वेतून उतरून तामलवाडीवरून पुढं तुळजापूरला जायचा. एरवी तो आमच्या दुकानासमोरून मान खाली घालून निघून जाई, कारण त्या घराण्यातलं कुणी अप्पांना डोळ्यांसमोर नको असे. त्या दिवशी मात्र तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि साऱ्या बाजारपेठेला, म्हणजे आमचं दुकान, समोरचा लोहार आणि त्याचा भाता एवढ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, की येत्या गुरुवारी सकाळी इरम्मा विमानात बसून तामलवाडीच्या डोक्यावरून जाणार आहे.

लोहाराचा भाता थांबला. मी आतल्या दारात सूप घेऊन डाळ पाखडत होते, ती डाळ अर्धी अंगणात गेली.

इरम्मा वन्सं हैदराबादला एका डॉक्टरच्या घरी मुलं सांभाळायच्या. त्या डॉक्टरीणबाईंचं माहेर पुण्याला. बाईंना गाडीचा धूर सोसेना, म्हणून यंदा त्या मुलांना घेऊन विमानानं निघाल्या होत्या, आणि मुलं इरम्मावाचून राहत नाहीत म्हणून वन्संचंही तिकीट काढलं होतं. वीरप्पा विमानतळाच्या तारेपर्यंत जाऊन आला होता. तिथल्या शिपायानं त्याला सांगितलं होतं, की हैदराबादहून पुणं तीनशे मैल आणि जायला लागतात दोन घंटे. वाट तुळजापूरच्या अंगानं. निघाल्यावर घंट्याभरात आमच्या गावावर.

आता हे आम्हाला पटावं कसं? आमच्याकडून हैदराबाद गाठायचं म्हणजे पहाटे बैलगाडी जुंपायची, नाक्यावर गाठोडी सोडून दाखवायची, सोलापूर स्टेशनात गाडीची वाट बघत फलाटावर भाकरी खायची, वाडी जंक्शनला गाडी बदलायची आणि दुसऱ्या दिवशी कधीतरी अंग आंबवून उतरायचं. गावात हैदराबाद पाहिलेली माणसं मोजकी होती आणि ती मरेपर्यंत त्याच प्रवासाच्या गोष्टी सांगत. तिथून निघालेली बाई चूल पेटवून भाकऱ्या थापून होईपर्यंत आमच्या डोक्यावर यायची, हे ऐकून लोहार म्हणाला, वीरप्पा सोलापुरात ताडी पिऊन आला असेल.

पण हरणाबाईंचं लक्ष मैलांकडं नव्हतंच. त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

आमच्याकडं रीत अशी, की लेक माहेराच्या शिवेतून कोरडी जाता कामा नये. ती माहेरी मुक्कामाला आलेली नसू दे, दुसऱ्याच गावाला लग्नाला निघालेली असू दे, वाट माहेराच्या शिवेतून गेली की गाडी थांबायची, आणि गावातली कुणी सवाष्ण सुपात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड घेऊन धावत जायची. हळदकुंकू लावून ओटी भरायची. मग लेक त्यातलेच चिमूटभर तांदूळ परत सुपात टाकायची, माहेर रिकामं राहू नये म्हणून. एवढं झालं की बैल पुढं.

आणि आमच्या गावात सूप घेऊन धावणारी सवाष्ण म्हणजे माझ्या सासूबाई, नीलम्मा. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणायची. बुटक्या, चपळ, बोलायला कमी. दुकानदाराची बायको, पण आयुष्यात त्यांनी कधी गल्ल्यावर बसून पाहिलं नाही की तुळजापूरच्या पलीकडचं गाव पाहिलं नाही. त्यांचं एकच वेड. दाराआड त्यांचं सूप आणि करंडा कायम तयार टांगलेला असे. रस्त्यावर गाडीची घुंगरं वाजली आणि गाडीत लुगड्याचा पदर दिसला की अव्वा पायात वहाणा न घालता निघाल्याच. कितीदा तर ती लेक आमच्या गावची नसायचीच. तरी भरून मोकळ्या. लोक चेष्टेनं म्हणायचे, नीलम्माच्या दारावरून शेळीसुद्धा कोरडी जात नाही.

फक्त एक लेक गेली होती.

हे मी लग्न होऊन येण्याआधीचं, ऐकलेलं. इरम्मा वन्संना एकच भाऊ, म्हणजे आमचे हे, आणि तेव्हा हे लहान. म्हणून अप्पांनी जावयाला, बंडप्पांना, घरीच ठेवून घेतलं होतं, दुकान शिकवलं होतं. पण बंडप्पांचा जीव तराजूत नव्हता. सोलापूर-तुळजापूर मोटार आमच्या दुकानासमोर बंद पडायची आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून हे महाशय तिच्या खाली पडलेले असायचे. एक दिवस त्यांनी सांगितलं, हैदराबादला मोटारींच्या कारखान्यात काम मिळतंय, आम्ही निघतो. अप्पांना ते पोटच्या पोरानं घर सोडावं तसं लागलं. लागलं असेल, नाही म्हणत नाही. पण गाडी दारात उभी राहिली, अव्वा सूप घेऊन आतून निघाल्या, तेव्हा अप्पा दारात आडवे झाले. माझ्या घरातून तिची ओटी भरायची नाही, जायचं तर अशीच जाऊ दे, असं म्हणाले. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत अव्वा भरलेलं सूप घेऊन माजघरात उभ्या होत्या. मग त्यांनी ते तांदूळ पुन्हा कणगीत ओतले.

त्यानंतर वन्संना दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा पोट पडलं. बातम्या यायच्या अशाच, वाटेवरच्या माणसांच्या तोंडून. अव्वा मनात काय जोडत असतील हे सगळ्या गावाला कळत होतं. मला अप्पांचा राग यायचा. सासऱ्यांचा राग सुनेनं कुठं सांगावा, म्हणून मी तो त्यांच्या भाकरीवर काढायची, जरा जाड थापायची. ते मुकाट्यानं खायचे.

तर आठ वर्षांनी ती लेक पुन्हा शिवेतून जाणार होती, आणि या खेपेला गाडी थांबणार नव्हती.

वीरप्पा गेला, माणसं पांगली. अप्पांनी गुळाची ढेप उचलून नेहमीच्या जागी ठेवली. अव्वा मागच्या अंगणात होत्या. मी धावत जाऊन त्यांना सगळं सांगितलं तर त्यांना ते आधीच ठाऊक होतं, दोन घरं पलीकडून ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावर असं काही हसू होतं, की मला वाटलं, ही बाई आत्ता दोन्ही हात पसरून स्वतःच उडेल.

"उमा," त्या मला म्हणाल्या, "ती माजी ओटी न घेता दोनदा जायची न्हाय. काय बी कर, पर ह्याचा निकाल लाव."

मी निकाल लावणार म्हणजे काय, हरणाबाईंना घेऊन मठात गेले. मठातले अय्या म्हातारे, नजरेनं अधू, पण शास्त्राला पक्के. आम्ही सगळं सांगितलं. शीव जमिनीची, लेक आभाळात, मग ती शिवेतून गेली असं म्हणायचं की नाही? अय्यांनी डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले, की हरणाबाई माझ्या कानात म्हणाल्या, झोप लागली बहुतेक. तेवढ्यात अय्या बोलले.

"आभाळाला शीव न्हाय. पन सावली आभाळात पडत न्हाय, भुईवर पडती. ज्याची सावली शिवेत आली, त्ये शिवेत आलं. ओटी सावलीत घाला. पोचंल."

आम्ही दोघी मठातून धावतच सुटलो. हरणाबाईंचं वय साठीच्या पुढं, पण त्या माझ्या पुढं होत्या.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. गावात लग्न नव्हतं, पण लग्नघर होतं. सावली म्हणजे काही थांबणारी गाडी नव्हे, ती माळावरून पळत जाणार, मग ती कुठून कुठं जाईल आणि अव्वांनी नेमकं कुठं उभं राहायचं? हरणाबाईंनी ठरवलं, पाच सवाष्णी पाच ठिकाणी उभ्या करायच्या, जोंधळ्यात पाखरं राखायला करतो तशा, आणि जिच्या अंगावर सावली येईल तिनं हाक मारायची. विमान उगवतीकडून येणार म्हणून जागा ठरली उगवतीचा माळ. बलभीम धनगर आपणहून आला. म्हणाला, वरून माणसं काय दिसणार, मुंग्यांएवढी, मी माझी काळी मेंढरं पांढऱ्या माळावर गोल बसवतो, म्हणजे इरम्माला कळेल की हीच तामलवाडी. जणू आजूबाजूच्या गावांत मेंढरं नव्हतीच. पण त्याच्या उत्साहाला आडवं कोण जाणार? लोहारानं हलगीवाल्याला सांगून ठेवलं. अव्वांनी पेटीतून वन्संच्या लग्नात नेसलेलं तांबडं इरकल काढलं, कारण लांबून ओळखायला रंग पाहिजे. हिरवा खण त्यांनी आधीच घेतला होता. कधी घेतला म्हणून विचारलं तर त्यांनी तो माझ्या हातात दिला. घडीवर पिवळी रेघ पडलेली होती. तो आठ वर्षांपूर्वीचा होता.

वेळ विचारायला आमचे हे नाक्यावर गेले. गावाच्या मावळतीला, सोलापूरच्या रस्त्यावर, निजामाची हद्द संपते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, आणि साऱ्या पंचक्रोशीतलं एकमेव घड्याळ तिथल्या मुन्शीजींच्या खिशात होतं. मुन्शीजी हिशेब लावून म्हणाले, आठला उडालं तर नवाला इथं. मग त्यांनाही चेव आला. गंभीर चेहरा करून त्यांनी विचारलं, की बाई इकडच्या हद्दीतला नारळ घेऊन इंग्रजाच्या हद्दीत उतरणार, त्याची करोडगिरी कोण भरणार? ह्यांचा चेहरा पडला तसे ते पोट धरून हसले. "आसमान पे नाका नई है, मियाँ. जाने दो बच्ची को," म्हणाले.

या सगळ्यात अप्पा कुठं होते? दुकानात. ते पुड्या बांधत होते, जणू गावात काही चाललेलंच नाही. पण बुधवारी रात्री जेवताना त्यांनी ह्यांना एकदम विचारलं, पुण्याला दोन घंटे, तर तामलवाडीच्या शिवेत विमान किती वेळ असेल? ह्यांनी जरा विचार करून सांगितलं, पान लावून तोंडात टाकेपर्यंत. अप्पांचा घास हातातच राहिला. एवढ्यात काय होणार, असं ते स्वतःशीच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "भुईवरनं गेलं तर दोन दिस, वरनं गेलं तर एक घंटा. मग हैदराबाद लांब का जवळ?"

अव्वा भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "आमाला आठ वर्सं लांब हाय."

अप्पा ताटावरून उठले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते हात धुऊन गुमान अंथरुणावर जाऊन पडले, भिंतीकडं तोंड करून.

गुरुवारी अजून झुंजूमुंजू होतंय तोवर अव्वांची लिंगपूजा आटोपली होती. माघातली सकाळ, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. अप्पांनी दुकान उघडलं आणि थोड्याच वेळात पुन्हा लावलं, हे मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं. नाक्यावर मिठाची पोती अडकलीत, सोडवून येतो, म्हणाले. खांद्यावर धुतलेलं उपरणं होतं. मीठ सोडवायला धुतलेलं उपरणं कशाला, असं माझ्या मनात आलं, पण तेवढ्यात हलगी वाजायला लागली आणि मी ते विसरून गेले.

माळावर सगळं गाव होतं. पाच सवाष्णी पाच ठिकाणी सुपं घेऊन उभ्या, मधोमध अव्वा. बलभीमाची मेंढरं गोल काही बसेनात. एक बाजू धरली की दुसरी सुटायची, शेवटी त्यानं चौकोनावर समाधान मानलं. कुणी म्हणे आलं, कुणी म्हणे घार आहे. अय्यांनाही दोघांनी हाताला धरून आणून दगडावर बसवलं होतं. मी अव्वांच्या मागं उभी होते. इतक्या माणसांत त्या एकट्याच खाली बघत होत्या. सूप छातीशी धरलेलं, नजर मातीवर, एकदा इकडून तिकडं, एकदा तिकडून इकडं.

मग आवाज आला. आधी भुंग्यासारखा, मग जात्यासारखा. हलगीवाल्याचा हात थांबला. उगवतीकडून एक ठिपका आला, त्याला पंख फुटले, ते चकाकले, आणि ते एवढं मोठं यंत्र आमच्या डोक्यावर आलं. खरं सांगते, मी किंचाळले. सगळेच किंचाळले. माणसं पागोटी उडवत होती, बायका पदर हलवत होत्या, हरणाबाई तर "इरे, इरे" म्हणून हाका मारत सूप टाकून धावत सुटल्या. मी पाहिलेलीही नव्हती ती नणंद, पण माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मीही ओरडत होते, वन्सं, वन्सं. मेंढरं चौफेर उधळली. विमान पुढं गेलं, मावळतीकडं लहान झालं, आवाज विरला. खरंच, तेवढ्यात एक पान लावून झालं असतं.

(पुढं वन्सं माहेरी आल्या तेव्हा आम्ही मोठ्या हौसेनं विचारलं, मेंढरं दिसली का? त्या हसायला लागल्या. त्यांनी सगळी वाट डोळे मिटून, डॉक्टरीणबाईंचा दंड धरून काढली होती.)

सगळे एकमेकांना विचारत होते, तू बघितलंस का, खिडक्या दिसल्या का. मी वळून अव्वांचा हात धरला आणि म्हणाले, बघितलं ना?

अव्वा अजून खालीच बघत होत्या.

"सावली कुठं हाय, उमा?" त्या म्हणाल्या. "आली न्हाय अजून."

त्यांनी विमान पाहिलंच नव्हतं. एवढं गाव गळा फाडून ओरडत होतं, तेव्हाही त्यांनी मान वर केली नव्हती. सावली चुकू नये म्हणून. आणि सावली तर आली नव्हती, पाचांपैकी एकीच्याही सुपावर आली नव्हती. हळूहळू गलका थांबला. सगळ्यांची तोंडं अव्वांकडं वळली, आणि मग हरणाबाईंनी खाली बघितलं. सकाळचं ऊन पाठीमागून येत होतं. आमच्या सगळ्यांच्या सावल्या आमच्या दुप्पट लांब होऊन मावळतीकडं, नाक्याच्या बाजूला पडलेल्या होत्या. माणसाची सावली एवढी लांब जाते, तर एवढ्या उंचावरच्या विमानाची कुठं जाऊन पडली असेल! साधी गोष्ट. रोज त्याच उन्हात वावरणारी माणसं आम्ही, पण विमान जिकडून येणार तिकडं तोंड करून उभे राहिलो होतो.

अय्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, अव्वा आता रडतील, आणि रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "पुना कोरडीच गेली." आणि सूप डोक्यावर घेऊन त्या मावळतीच्या दिशेनं चालायला लागल्या. मी मागं पळाले. कुठं निघालात, काय उपयोग, असं मी विचारत होते, पण त्या थांबेनात. आपली लेक सावली होऊन पुढं गेलीय आणि चालत गेलं तर अजून सापडेल, असंच त्या चालत होत्या. आमचं घर मागं पडलं, लोहाराचं दुकान मागं पडलं. शिवेचा चुना फासलेला दगड दिसायला लागला आणि त्याच्या पलीकडं नाक्याचा बांबू.

दगडाजवळ कुणीतरी उभं होतं. जवळ गेलो तेव्हा ओळखलं, अप्पा होते.

डोक्यावर पटका नव्हता. उपरणं दोन्ही हातांवर पसरलेलं होतं आणि ते रिकामं होतं. पायापुढं नांगरलेल्या मातीत तांदूळ सांडलेले होते, मुठी दोन मुठी नव्हे, पायलीभर. त्यात एक नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका आणि एक कोरा खण. दुकानात होतं नव्हतं ते चांगलं सगळं.

अव्वा थांबल्या. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, मातीकडंच बघत राहिले.

"हितनं गेली," ते म्हणाले. "सकाळची दुकानाची सावली नाक्याकडंच पडती. गुळाला ऊन लागू नये म्हणून रोज हलवतोय मी ढेप. तुमी समदी उगवतीला निघाला, तवाच मला कळलं."

"मग सांगितलं का न्हाय?" अव्वांनी विचारलं.

नाक्यावर मुन्शीजी बाहेर येऊन उभे राहिले होते, पण ते पुढं आले नाहीत.

"म्याच तिला कोरडी धाडली हुती," अप्पा म्हणाले. "मलाच भरायची हुती."

सावली खरंच तिथून गेली का, हे मी त्यांना विचारलं नाही, पुढंही कधी नाही. मुन्शीजींना विचारता आलं असतं. तेही आमच्यासारखे वरच बघत असणार.

अव्वांनी डोक्यावरचं सूप खाली ठेवलं. तांदळाकडं बघून त्या म्हणाल्या, "बाप्याच्या हातानं ओटी भरत न्हाईत."

"ठावं हाय मला. म्हणून हळदकुंकू लावलं न्हाय." अप्पा जरा बाजूला सरकले. "तेवढं तुज्यासाठी ठेवलंय."

अव्वा मातीत गुडघ्यांवर बसल्या. कुठं, असं त्यांनी विचारलं, आणि अप्पांनी वाकून बोटानं जागा दाखवली. अव्वांनी करंडा उघडला. कपाळाला लावावी तशी अलगद हळद लावली, मग कुंकू. काळ्या मातीवर ते तांबडं बोट उठून दिसलं. मग त्यांनी आपलं सूप पालथं केलं. त्यांचे तांदूळ अप्पांच्या तांदळांत मिसळले, घडीची पिवळी रेघ पडलेला खण कोऱ्या खणावर पडला.

मला वाटलं, झालं. मी त्यांना उठवायला हात पुढं केला. पण अव्वा बसूनच होत्या, लेकीची वाट बघत बसावं तशा. थोड्या वेळानं त्यांनी त्या ढिगातले चिमूटभर तांदूळ उचलले, त्यांची माती फुंकरीनं उडवली आणि मूठ मिटली.

"हे तिचं परत आलेलं," त्या म्हणाल्या. "कणगीत घालायचं."

त्या पदराला गाठ मारणार, तेवढ्यात अप्पांनी आपलं उपरणं पुढं केलं. अव्वांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि मूठ त्यात उघडली.

आम्ही तिघं परत निघालो. रस्त्यात माणसं दारादारांतून उभी होती. आत किती होतं, तर चिमूटभर तांदूळ. पण अप्पांनी ते उपरणं दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि घर येईपर्यंत त्यांनी ते मला घेऊ दिलं नाही.